अण्णांची पाचर



ज्या गावात रेल्वे नाही तिथे बसून रेल्वेच्या सीटांवर लिहायचं म्हणजे एकादशीला बिर्याणीची कृती सांगण्यासारखं आहे. पण लेटरकेनीत राहणाऱ्याला दुसरा इलाज नाही. अख्ख्या डोनेगल काउंटीत आज नेहमीचा प्रवासी रेल्वेमार्ग नाही. जवळचं स्टेशन म्हणजे डेरी, वीसेक मैलांवर, आणि तेही दुसऱ्या देशात. सरहद्द म्हणजे फार काही नाही म्हणा. पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात आणि मोबाइलवर 'यूकेमध्ये स्वागत' असा मेसेज येतो, एवढंच.

गंमत अशी की डेरीच्या बससाठी मी जिथे उभा राहतो तो बस स्टँड म्हणजेच या गावचं जुनं रेल्वे स्टेशन. एके काळी लेटरकेनीत दोन दोन कंपन्यांच्या गाड्या यायच्या. डेरीकडून लॉख स्विली कंपनीची १८८३ पासून आणि स्ट्रबेनकडून दुसरी १९०९ पासून. दोन्ही तीन फुटी नॅरोगेज. पहिली १९५३ मध्ये बंद पडली, दुसरीवरची शेवटची प्रवासी गाडी ३१ डिसेंबर १९५९ ला गेली. मी पाच वर्षं या स्टँडवर उभा राहत होतो आणि मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ते शोधायला लावलं आमच्या अण्णांनी.

अण्णा म्हणजे माझे वडील. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी म्हणून लागले आणि सिनिअर टेक्निशियन म्हणून २०१८ ला रिटायर झाले. सगळी नोकरी डब्यांवर. ज्यांना कुर्डुवाडी म्हणजे फक्त रात्री अडीचला चहा मिळणारं जंक्शन एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. इथून बार्शीला जाणारी अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. माझ्या लहानपणी मात्र ती छोटी गाडी होती. लाकडी पट्ट्यांचे बाक, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा, आणि आषाढीला टपावरसुद्धा माणसं. नॅरोगेज संपल्यावरही वर्कशॉपात माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला यायचे, त्यामुळे अण्णांचं लहान डब्यांशी नातं शेवटपर्यंत टिकलं.

आई २०२१ मध्ये गेली. तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो, की दरवर्षी उन्हाळ्याचे तीन महिने इकडे या. ते "बघू की" म्हणायचे. त्यांच्या 'बघू की'चा अर्थ बहुधा नाही असाच असतो. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये आले. (ज्यांना आईवडिलांना बोलवायचं आहे त्यांना एक उपयोगी गोष्ट: भारतातून आयर्लंडचा अल्प मुदतीचा व्हिसा काढताना त्यावर बीआयव्हीएस असा शेरा मिळाला, की त्याच व्हिसावर उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनलाही जाता येतं. भारतीयांना ही सोय २०१५ पासून आहे. मात्र आधी आयर्लंडमध्ये उतरावं लागतं. इथे परमिटवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती लागू नाही. मला आयरिश पासपोर्ट मिळेपर्यंत डेरीला गाडी बघायला जायचं तरी वेगळा व्हिसा लागत असे आणि अण्णा आले तसे सरळ गेले!)

पहिल्याच आठवड्यात त्यांना डेरी-बेलफास्ट गाडीने नेलं. डेरीचं जुनं दगडी स्टेशन २०१९ मध्ये दुरुस्त करून पुन्हा उघडलंय, ते त्यांना आवडलं. गाडी आली. इतर प्रवासी चढले आणि आपापल्या जागी बसले. अण्णा चढले आणि सीट तपासायला लागले. आधी अंगठा दाबून गादी किती वेळात वर येते ते बघितलं. मग पाठीवर टिचकी मारली. मग वाकून खाली बघितलं, सीट भिंतीला अडकवलीय की जमिनीला. मग खिशातून स्टीलचा टेप काढला. हो, माझे वडील तीन महिन्यांच्या परदेश दौऱ्यावर येताना खिशात मेजरिंग टेप घेऊन आले होते. समोरच्या बाई हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"बरी हाय," अण्णा म्हणाले. "कापड बरं लावलंय. पण कुणाच्या मापाची केलीय रं ही?"

मी तेव्हा हसून सोडून दिलं. डेरीहून निघताना डाव्या बाजूला बसलात तर नदी, मग लॉख फॉइलचं उथळ पाणी, मग समुद्र आणि डाउनहिलचे बोगदे, असं सगळं खिडकीशी येतं. त्या नादात सीटचं माप कोण बघतो?

अण्णांना इंग्लंडमध्ये एक जागा बघायची होती (कोणती ते पुढे सांगतो) आणि माझी मावसबहीण मिडलंड्समध्ये असते, म्हणून जुलैत आम्ही तिकडे गेलो. लंडनहून लांबच्या गाडीचं तिकीट मी ऑनलाइन काढलं, खिडकीची सीट निवडून. नव्या पद्धतीची गाडी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या गाडीत याहून बरं असतं असा माझा अनुभव नाही. चढलो, नंबर शोधला, आणि खिडकीच्या जागी प्लास्टिकचा खांब. पुढच्या सीटवाल्याला अर्धी खिडकी, मागच्याला अर्धी, आणि मधल्या अण्णांना कोटाच्या खुंटीसह भिंत.

अण्णांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खिडकीचं तिकीट काढलंय न्हवं?"

हा प्रकार काही आजचा नाही. ब्रिटिश रेल्वेचे मार्क थ्री डबे सगळ्यांना अजून गोड आठवतात. १९७६ च्या ऑक्टोबरात ताशी १२५ मैलांच्या गाड्या त्याच डब्यांच्या सुरू झाल्या आणि साध्या तिकिटावर वातानुकूलित डबा मिळाला. पण त्या डब्याचा सांगाडा दोन्ही वर्गांसाठी एकच होता. एका बाजूला आठ मोठ्या खिडक्या, त्यांचं अंतर फर्स्ट क्लासच्या सीटांना जुळणारं. फर्स्टमध्ये ४८ माणसं बसायची, प्रत्येकाला खिडकी. तोच सांगाडा सेकंडला वापरून ७२ सीटा घातल्या की गणित चुकणारच. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे खिडकी फर्स्टवाल्याची आन् खांब आपला." गाड्यांच्या प्रवासावरची 'सीट सिक्स्टी-वन' ही प्रसिद्ध वेबसाइट तुम्ही वापरली असेल. तिचं नावच मुळी युरोस्टारमधल्या अशा एका सीटवरून आहे जी खिडकीशी बरोबर जुळते. एवढं ज्याचं अप्रूप, ते किती दुर्मिळ असेल बघा.

आता गादी. लंडनच्या थेम्सलिंक मार्गावर २०१६ मध्ये क्लास ७०० गाड्या आल्या तेव्हा लोकांनी त्यांच्या सीटांना 'इस्त्रीचं टेबल' असं नाव ठेवलं. सुरुवातीला सीटच्या पाठीला चहाचा कप ठेवायची फळीसुद्धा नव्हती. २०१७ मध्ये हिताचीच्या लांब पल्ल्याच्या क्लास ८०० गाड्या धावू लागल्या, त्यांच्या कडक सीटांबद्दलही तीच ओरड. मी इंजिनिअर असल्यामुळे (कॉम्प्युटरचा, पण डिग्रीवर इंजिनिअर लिहिलंय) यामागची कारणं शोधत बसलो. एक कारण आगीचं. फोम पेटू नये, विषारी धूर होऊ नये यासाठी आधी ब्रिटिश आणि २०१३ पासून युरोपीय मानकं आहेत. त्यात बसेल असा फोम आपल्या घरच्या सोफ्यासारखा फुगीर नसतो. दुसरं कारण धडकेचं. अपघातात मागचा माणूस सीटवर आदळला तर ती मोडून पडू नये, म्हणून पाठी उंच आणि टणक. त्यामुळे पुढचं काही दिसत नाही आणि डबा म्हणजे उभ्या फळ्यांचं गोदाम वाटतो. तिसरं, त्याच लांबीत जास्त माणसं बसवायची तर गुडघ्याला जागा काढायला पाठ पातळ करावी लागते.

यातलं एकही कारण खोटं नाही. आग आणि धडक यांच्याशी कोण वाद घालणार? पण माझं लक्ष वेधलं चौथ्या गोष्टीने. या दोन्ही गाड्यांच्या खरेदीची सूत्रं ब्रिटनच्या वाहतूक खात्याकडे होती. गाडी चालवणारी कंपनी वेगळी, डब्यांचा मालक वेगळा (तो भाड्याने देतो), बनवणारा वेगळा, आणि काय हवं हे लिहिणारं खातं वेगळं. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. रिक्वायरमेंटच्या मीटिंगला बारा लोक असतात आणि तेराव्या मजल्यावर जो बिचारा दिवसभर तो स्क्रीन वापरणार आहे त्याला कोणी बोलावलेलं नसतं. मग गो-लाइव्हच्या दिवशी तो विचारतो, "हे बटण इथे का?" आपल्याकडेही वंदे भारतच्या सीटांबद्दल कुरकुर झालीच. पण ऑगस्ट २०२३ मध्ये त्या गाड्यांत ज्या पंचवीस सुधारणा जाहीर झाल्या त्यात सीट झुकण्याचा कोन वाढवणं आणि गादीचा कडकपणा जुळवणं होतं. अण्णांनी ती बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, शेजारी अंगठा काढून.

हे सगळं ज्ञान मी त्या गाडीत अण्णांना ऐकवत होतो. अर्ध्या तासाने ते उठले. "जरा दाराशी जातो. हितं खांब बघून काय करू?" गेले ते परत आलेच नाहीत. दोन वेळा जाऊन बघितलं, दाराच्या काचेला टेकून उभे, बाहेर बघतायत. मी विचारलं, बसायचं नाही का? म्हणाले, "ब्येस दिसतंय." मला बरं वाटलं. माणूस मजेत आहे, नोकरीतल्यासारखा दारात उभा राहून गाडी अनुभवतो आहे! मी त्यांचा पाठमोरा फोटोही काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यावर 'रेल्वेवाले काका' अशा प्रतिक्रिया आल्या. पुढचे दोन तास मी लॅपटॉप उघडून काम केलं.

रात्री मावसबहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "दादा, काकांना बसता येत नाहीये. तुझ्या लक्षात नाही आलं?"

सकाळी अण्णांना पलंगावरून उठताना मी बघितलं. आधी कुशीवर वळले, मग पाय खाली सोडले, मग दोन्ही हातांनी गादी दाबत मोठ्या कष्टाने उभे राहिले. हे सरावाचं होतं. एका दिवसाच्या दुखण्यात माणूस एवढा शहाणा होत नाही. खोदून विचारल्यावर सांगितलं. दोन वर्षांपासून सायटिका आहे. सोलापूरला एमआरआय झाला. कमरेतली चकती सरकलीय, ऑपरेशनची गरज नाही, पण फार बसायचं नाही. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झालं. मी दर रविवारी फोन करत होतो आणि दर रविवारी ते "बरंय" म्हणत होते.

"मग एवढ्या लांब विमानाने कसे आलात?"

"उभा ऱ्हायलो. मागं शिट्या चहा करत्यात तितं." (शिट्या म्हणजे हवाई सुंदरी. हे मला नंतर कळलं.)

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी येऊ दिलं नसतं हे खरं, आणि त्यांनी यायला हवं होतं हेही खरं.

तरी त्यांना ती जागा बघायचीच होती. बार्शी लाइट ज्यांनी उभी केली ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. दर आखावर पाच टनांच्या वर भार नको, तो सगळ्या गाडीवर सारखा वाटला म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल आणि माणसं नेता येतात, हे त्यांनी बार्शीला करून दाखवलं. मग तोच अनुभव घेऊन त्यांनी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी गाडी बांधली. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. इंजिनांना पुढे आपल्याकडच्यासारखा मोठा दिवा, बोगीवरचे लांब पिवळसर डबे, टोकाला व्हरांडा. म्हणजे विलायतेची गाडी बार्शीला आली असं आपण समजतो, पण इथे बार्शीची गाडी विलायतेला गेली होती. (याच गृहस्थांनी पुढे 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. पूर्वीच्या इंजिनिअरांना एका विषयात भागत नसे.)

वॉटरहाउसेस ते हल्म एंड असा हा आठेक मैलांचा मार्ग आता पायवाट झालाय. बहिणीच्या नवऱ्याने गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पाडून अण्णांना नेलं. आणि तिथे गंमत झाली. ज्यांना सीटवर अर्धा तास निघत नव्हता ते अण्णा त्या सपाट वाटेवर दोन मैल आरामात चालले. रेल्वेची वाट, चढ म्हणून नाही. मध्ये मध्ये थांबून वळण बघायचे, टेप काढून वाटेची रुंदी मोजायचे. "हितनं ते डबे गेलेत," एवढंच एकदा म्हणाले. मी फोटो काढायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

परत आल्यावर त्यांनी मला लेटरकेनीच्या रेल्वेचा शोध घ्यायला लावला. मग आम्ही फिनटाऊनला जाऊन १९४० ची १८ नंबरची रेलकार बघून आलो. डोनेगलच्या या कंपनीने १९३१ पासून डिझेलवर चालणाऱ्या रेलकार आणल्या होत्या. या बेटांवर नियमित प्रवासी सेवेत असं करणारे ते पहिले. डबा पाहिला तर बसला रुळांवर ठेवल्यासारखा. पण ती गाडी वाटेत फाटकाशी, शेताच्या रस्त्याशी, माणूस उभा दिसला की थांबायची. अण्णांना तिची चाकं, इंजिन सगळं आवडलं, पण हे सगळ्यात जास्त आवडलं. "म्हातारीला दारातनं घ्यायची. याला म्हणायचं माप." बार्शीच्या गाडीपेक्षा हिचं गेज अर्ध्या फुटाने मोठं, हेही त्यांनी अर्थातच मोजून घेतलं.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या मोजल्या. त्यांचं निदान मी माझ्या भाषेत सांगतो. दुखण्याचं कारण गादी कडक हे नव्हतंच. लाकडी बाकावर त्यांची उभी हयात गेली. इंग्लंडच्या त्या सीटचा तळ मागे कललेला होता, म्हणजे कंबर खाली आणि गुडघे वर. पाच फूट दोन इंचांच्या माणसाला ती खोलही जास्त. पाठ टेकवली तर पाय तरंगतात, पाय टेकवले तर पाठ अधांतरी. आणि डोक्याच्या उशीचा फुगवटा नेमका डोक्याच्या वर आणि त्याखालची कड मानेत. सहा फुटी माणसाला तीच सीट कदाचित छान वाटत असेल. अण्णांच्या शेजारी बसलेला उंच मुलगा खरोखरच झोपला होता. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा तो निदान सांगून अर्धा बसतो. इथे पूर्ण पैसे भरून अर्धं बसायला मिळालं.

ऑगस्टमध्ये त्यांनी बायकोकडून शिवणयंत्र मागून घेतलं, माझी एक जुनी जीन्स फाडली, आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला घट्ट फोम ब्रेडच्या सुरीने कापून एक उशी केली. मागे जाड, पुढे निमुळती. अगदी पाचर. विमानात ती ठेवायची आणि पायाखाली हातातली बॅग घ्यायची, अशी रंगीत तालीम आमच्या हॉलमध्ये झाली. मी म्हटलं, "अण्णा, लोकांच्या कामात पाचर मारतात म्हणतात, तुम्ही स्वतःलाच मारलीत." हसले नाहीत. ते माप घेत होते.

सप्टेंबरात मुंबईला पोचल्यावर फोन आला. नऊ तासांतले सहा तास बसून काढले होते. मला सामान आवरताना कपाटात दुसरी पाचर सापडली, तशीच, जीन्सच्या दुसऱ्या पायाची. विचारलं तर म्हणाले, "ती तितंच राहू दे. डेरीच्या गाडीला लागंल पुढल्या खेपेला." यावेळी 'बघू की' म्हणाले नाहीत.

पुढची खेप गेल्या वर्षी झाली. चार-पाच जणांनी मागितली म्हणून मापं देतो. सीटवर ठेवायची रुंदी १५ इंच, खोली १२ इंच, मागची जाडी अडीच इंच, पुढची पाऊण इंच. फोम अंगठ्याने दाबला तर अर्ध्याहून जास्त दबता कामा नये. खोळ जाड कापडाची आणि चेन खालच्या बाजूला, नाहीतर टोचते. उंची पाच फूट सहाच्या वर असेल तर मागची जाडी दोन इंच पुरे, असं अण्णांनी कळवलं आहे.